मूठ वळते का?

शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंना सोडून स्वतःच्याच पेशींवर उलटली की जे आजार होतात, त्यांना स्वप्रतिकारक आजार म्हणतात. आमवात, ल्युपस, कोड, सोरायसिस, थायरॉइडचे काही विकार, लहानपणी जडणारा मधुमेह हे सगळे त्याच कुळातले. मी जळगावच्या विद्यापीठात शिकले आणि पुढं खान्देशातच रोगप्रतिकारशास्त्र शिकवू लागले. संशोधनाच्या निमित्तानं सांध्यांच्या रुग्णांशी, त्यांच्या रक्ताशी आणि पिशवीतल्या कागदांशी माझा रोजचा संबंध आला. दरवर्षी एम.एस्सी.ची नवी मुलं प्रकल्पासाठी येतात. त्यांना तोंडी सांगत आले, ते इथं लिहून ठेवते आहे.

१. हात आधी, सुई नंतर

बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्याचं लक्ष रक्ताच्या नळीकडे असतं. मी त्याला आधी समोरच्या मावशींचा हात हातात घ्यायला सांगते. आमवातात मनगट, बोटांच्या मुळाचे सांधे आणि बोटांचे मधले सांधे सुजतात. नखाजवळचे सांधे बहुधा सुटतात. वयोमानानं होणाऱ्या झिजेत नखाजवळच टणक गाठी येतात. सूज मऊ आहे की हाडासारखी कडक, हे दाबून बघणाऱ्याला लगेच कळतं. चारही बोटांच्या मुळाशी आडवा हात धरून हलकेच दाबलं, तर आमवाताचा माणूस हात मागं ओढतो.

मग विचारायचं : सकाळी उठल्यावर मूठ वळते का, आणि किती वेळानं वळते? झिजेचा आखडलेपणा थोडी हालचाल केली की अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात तासभर, कधी त्याहून जास्त वेळ हात लाकडासारखे राहतात. पण घड्याळाच्या भाषेत हे कुणी सांगत नाही. कळण्याची भाकरी आता सुनेला थापावी लागते, सांडशी धरवत नाही, असं सांगतात. पारोळ्याकडच्या एक आजी म्हणाल्या, "सकायले मूठ वयत नही." ऊन अंगणात आलं की वळते. त्यांच्या बोलण्यात निदानाचा निम्मा भाग होता.

कापसाच्या वेचणीत तर हा आजार किलोवर मोजता येतो. बोंडातून कापूस ओढायला अंगठा आणि दोन बोटांची चिमूट लागते आणि मजुरी वजनावर मिळते. जोडीच्या बाया ओळ संपवून पुढं गेल्या आणि आपण मागं राहिलो, हे वेचणाऱ्या बाईला डॉक्टरांकडे जाण्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. म्हणून आमच्या प्रश्नावलीत "गेल्या वर्षी दिवसाला किती किलो वेचायच्या, यंदा किती" हा प्रश्न आहे. परदेशी प्रश्नावलीत बरणीचं झाकण फिरवता येतं का, शर्टाची बटणं लावता येतात का, असं विचारलेलं असतं. ते ठेवा, पण किलोचा प्रश्न गाळू नका.

२. "कधीपासून?" याचं उत्तर आखाजीत सापडतं

पहिली सूज कधी आली, हे आमच्या कामातलं सर्वांत मोलाचं आणि मिळवायला सर्वांत अवघड असं उत्तर. "लई दिवस झाले" यावर नोंद करता येत नाही. तारीख विचारली की माणूस गप्प होतो, सण विचारला की बोलायला लागतो. आखाजीला माहेरी गेलात तेव्हा झोक्याची दोरी धरवत होती का? पोळ्याच्या पुरणपोळ्या तुम्हीच लाटल्या का? कानबाईच्या वेळी दळण कुणी केलं? असं मागं मागं जात महिना पक्का होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आमवातात वेळ हेच औषध आहे. सांध्याचं आतलं अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारचं कूर्चा-हाड पोखरू लागतं. हे पोखरणं बऱ्याच रुग्णांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू झालेलं असतं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झालं, तर आजार शांत होण्याची शक्यता सर्वांत जास्त. बोटं एकदा वाकडी झाली की कुठलीही गोळी ती सरळ करत नाही.

आणि आपल्याकडे मधला काळ कसा जातो? आधी लेप आणि शेक, मग गावातलं इंजेक्शन, मग कुणीतरी सांगितलेली पुडी. पुडीनं दुसऱ्याच दिवशी मूठ वळते. लेबल नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं पुनःपुन्हा आढळलेलं आहे. मला स्टेरॉइडला दोष द्यायचा नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण बाईला कॉर्टिझोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. संधिवाततज्ज्ञ आजही ते हिशेबानं, कमी मात्रेत, ठरावीक काळ देतात. घात होतो तो लपवून दिलेल्या स्टेरॉइडनं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि एकाएकी बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. सांध्याचं पोखरणं तर आत चालूच असतं, फक्त दुखत नाही.

संशोधनाच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की पुडी खाणाऱ्या रुग्णाच्या रक्तात दाहाचे आकडे खोटे कमी दिसतात. म्हणून नमुना घेण्याआधी घरातली सगळी औषधं, पुड्या आणि काढे पिशवीत घालून आणायला सांगायचं. आणि ती पिशवी उघडताना चेहऱ्यावर आठी येऊ द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी पिशवी घरीच राहते.

३. रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे

"आरए पॉझिटिव्ह" असा कागद घेऊन घाबरलेली माणसं येतात. आरए फॅक्टर क्षयरोगात, कुष्ठरोगात, काविळीच्या काही प्रकारांत आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही वाढलेला सापडतो. उलट आमवात असलेल्या बऱ्याच जणांत तो सापडतच नाही. ल्युपससाठी करतात त्या एएनए चाचणीचंही तेच. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी लोकांचं रक्त १:४० विरल करून तपासलं तेव्हा जवळपास ३२ टक्के जण पॉझिटिव्ह निघाले. १:१६० ला हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. म्हणजे रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" असून भागत नाही, आकडा हवा आणि समोर लक्षणं असलेला माणूस हवा.

अँटी-सीसीपी प्रतिपिंडांची चाचणी अधिक नेमकी आहे, आणि त्यांच्याबद्दलचा शोध मला आजही थरारून टाकतो. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये पुढं आमवात झालेल्या लोकांचे जुने, गोठवून ठेवलेले रक्तनमुने तपासले, तर ही प्रतिपिंडं पहिल्या सुजेच्या कित्येक वर्षं आधीपासून होती. आजार सांध्यात दिसण्याआधी रक्तात लिहिलेला होता. पण ही प्रतिपिंडं असूनही काहींना आजार होतच नाही. त्यांना कुणी आवरून धरलं? २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं, ते याच दिशेच्या कामासाठी. साकागुचींनी १९९५ मध्ये प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी पेशी वेगळ्या ओळखल्या. ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्या पेशींना लागणारं फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. नोबेलची बातमी वाचून विद्यार्थी विचारतात, यात आपल्याला काय करता येईल? माझं उत्तर ठरलेलं आहे : रुग्णाबरोबर आलेल्या बहिणीकडे बघा. तिला आजार नाही, घर तेच, जेवण तेच, जनुकं पुष्कळशी तीच. तिची संमती घेऊन तिचीही नोंद ठेवा. विडी-सिगारेटनं आमवाताचा धोका वाढतो हे पक्कं झालं आहे, पण आपल्या बायका विडी ओढत नाहीत, मिश्री लावतात. तो प्रश्न स्टॉकहोममधून कुणी विचारणार नाही, तो इथल्याच मुलांनी विचारायचा.

४. रक्त उन्हात थांबत नाही

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. धुळ्यात घेतलेलं रक्त पारोळा, एरंडोल करत जळगावला न्यायचं, तर आधी तिथंच अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि वरचं पिवळं सीरम वेगळं करूनच बर्फाच्या डब्यात ठेवा. नळी तशीच नेली तर लाल पेशी फुटतात, सीरम गुलाबी होतं आणि एलायझाचा आकडा भरवशाचा राहत नाही. सीरम एकाच कुपीत भरू नका, थोडं थोडं अनेक कुप्यांत भरा. तेच तेच वितळवून पुन्हा गोठवलं की प्रथिनं बिघडतात. फ्रीजरवर वीज जाण्या-येण्याची वही टांगलेली हवी. हे कंटाळवाणं काम मन लावून करणाऱ्या मुलामुलींचेच निष्कर्ष पुढं टिकलेले मी पाहिले आहेत.

५. आठवड्याची गोळी आठवड्यालाच

आमवाताचं जगभरातलं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड आतून सोलवटतं, रक्तपेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. कर्करोगासाठी तेच औषध फार मोठ्या मात्रेत देतात. आमवाताला मात्र लहान. त्याच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, बहुतेक वेळा वेगळ्या दिवशी. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळसर असू शकतात, आणि पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी. वाचता न येणाऱ्या माणसानं करायचं काय?

यावरचा तोडगा एका रुग्णाच्या सुनेनं दाखवला. त्यांच्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी, त्याच रात्री सासूबाईंची गोळी. बाजार कुणी विसरत नाही. तिनं एका पाकिटाला दोरा बांधला होता, दुसरं मोकळं. आता मी प्रत्येकाला गावच्या बाजाराचा वार विचारते आणि तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहिते. डॉक्टरांनी लिहिलेला वार वेगळा असेल तर त्यांना विचारून बदलून घेते. लग्न झालेल्या तरुण मुलींना आणखी एक सांगावंच लागतं : मूल हवं असेल तर हे औषध कित्येक आठवडे आधी डॉक्टरांना विचारून थांबवायचं असतं, गर्भाला ते घातक आहे. हे सासूसमोर विचारू नका, बाजूला घेऊन विचारा.

या गोळीची वंशावळ मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण तिचा एक धागा मुंबईतून जातो. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. त्या बायकांच्या जेवणात काय आहे, काय नाही, हे तिनं बारकाईनं पाहिलं आणि मार्माइट या यीस्टच्या अर्कानं त्यांचं रक्त भरून येतं, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढं ओळखलं गेलेलं फॉलिक अ‍ॅसिड. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूनं १९४० च्या दशकात ते कृत्रिमरीत्या बनवलं आणि त्याच्याविरुद्ध काम करणारी संयुगंही बनवली. त्यांतलं अमिनोप्टेरिन बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं. १९५१ मध्ये तेच आमवातावर आणि सोरायसिसवर दिलं गेलं, त्याच्या जागी मेथोट्रेक्सेट आलं, आणि १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनंतर १९८८ मध्ये अमेरिकेनं आमवातासाठी त्याला मान्यता दिली. परळच्या गिरणीतली ती अशक्त बाई आणि धरणगावकडची आजची वेचणीवाली या एका गोळीनं जोडल्या गेल्या आहेत. लूसी विल्सनं प्रयोगशाळेच्या आधी ताट पाहिलं होतं, हे मला त्यात सर्वांत मोठं वाटतं.

६. सातपुड्याच्या पायथ्याशी आधी सिकलसेल आठवा

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, पुढं नंदुरबार. पावरा आणि भिल्ल वस्तीतलं एक-दीड वर्षाचं मूल हाता-पायांची बोटं सुजून रडत आलं, तर आमवाताच्या चाचण्या मागवण्याआधी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी करा. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि लहान मुलांत ते हाता-पायांच्या सुजेनं दिसतं. मोठ्यांतही हाडं-सांधे ठणकतात. हा स्वप्रतिकारक आजार नाही, जनुकाचा आहे, आणि त्याची चाचणी कितीतरी स्वस्त आहे. शाळकरी मुलाचा गुडघा सुजला, उतरला, मग घोटा सुजला, तर घसा कधी दुखला होता ते विचारा. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवर उलटते, तो संधिवाताचा ताप. दर तीन आठवड्यांच्या पेनिसिलिननं हृदय वाचतं. दाटीवाटीच्या घरांतला हा आजार पाश्चात्त्य पुस्तकांत आता दोन परिच्छेदांत उरकतात. आपण तसं करायचं नाही.

७. ल्युपस आणि आपलं ऊन

ल्युपस झालेल्या दहांपैकी नऊ बायका असतात, त्याही ऐन तारुण्यातल्या. गालांवर आणि नाकावर लाली, केस गळणं, सांधे दुखणं, ताप. आणि कुणाला कळायच्या आत मूत्रपिंडावर घाला. उन्हानं तो चाळवतो. ज्या मुलीचं पोट केळीच्या बागेतल्या नाहीतर निंदणीच्या मजुरीवर आहे, तिला "उन्हात जाऊ नका" असा सल्ला देऊन आपण मोकळे होतो. तिच्याशी बसून ठरवावं लागतं : पहाटेचं काम मिळेल का, पॅकिंगचं सावलीतलं मिळेल का, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल तर आपल्याकडे सगळ्याच बांधतात. आणि लघवीची तपासणी दर खेपेला. ती साधी आहे, स्वस्त आहे, आणि मूत्रपिंड वाचवते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही या मुलींची रोजची गोळी. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनावर ती चालते अशी हवा उठली, भारत सरकारनं २५ मार्चला निर्यात थांबवली, तरी अनेक दुकानांतून ती संपली. गोळी नाही म्हणून आजार उफाळलेल्या मुली मी त्या उन्हाळ्यात फोनवर ऐकल्या. कोरोनावर तिचा उपयोग नाही हे पुढच्या चाचण्यांत स्पष्ट झालं. ज्यांना उपयोग होता, त्यांच्या ताटातलं काढून घेतलं गेलं होतं.

८. घरी कळवायचं ते कुणाला, हे आधी विचारा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं सगळे विद्यार्थी पाठ करतात. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत, अंगठा असेल तर तटस्थ साक्षीदार, माहिती गुप्त. पण गुप्ततेची खरी परीक्षा गावात होते. लग्न ठरायचं असलेल्या मुलीच्या हातावर कोडाचा एक रुपयाएवढा डाग आहे. तिचा रिपोर्ट तुम्ही चुलत्याच्या मोबाइलवर पाठवलात, तर तिचं लग्न मोडू शकतं. कोड लागत नाही, त्यानं कुठलाही अवयव निकामी होत नाही. पण गावात हे समजावून सांगायला वेळ लागतो आणि तेवढ्यात स्थळ हातचं जातं. म्हणून नोंदीच्या पहिल्या पानावर विचारतो : कागद कुणाच्या हाती द्यायचा? फोन कुणाचा? कोणत्या वेळी करायचा? पुष्कळ मुली मैत्रिणीचा नंबर देतात. तोच वापरायचा.

आणि रिपोर्ट द्यायचाच. रक्त नेलं आणि फिरून कुणी आलंच नाही, अशी तक्रार मी इतक्या उंबरठ्यांवर ऐकली आहे की नमुना घेण्याआधी रिपोर्ट कोण, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगणार हे ठरवल्याशिवाय मी मुलांना गावात पाठवत नाही.

९. भिगवणसारखं इथंही व्हावं

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणात डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमात घरोघर पाहणी सुरू केली. शरीराच्या चित्रावर दुखरी जागा दाखवायची, मग डॉक्टरांनी तपासायचं. ४०९२ प्रौढांपैकी १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं आणि सुमारे अर्ध्या टक्क्याला आमवात. अर्धा टक्का थोडा वाटतो. पण जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार ६२ लाखांवर माणसं आहेत. त्यांत ४० लाख प्रौढ धरले तरी त्याच प्रमाणानं २० हजार आमवाताचे रुग्ण होतात.

आपल्याकडे साधनं आहेत. गिरणेकाठच्या टेकडीवर १९९० पासूनचं विद्यापीठ, ज्याला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. धुळ्यात आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत अवघड चाचण्यांचा अनुभव आहे. या सगळ्यांना जोडणारी एक नोंदवही हवी. तिच्यात थोडेच रकाने असावेत : पहिली सूज कोणत्या महिन्यात, पहिलं योग्य औषध कोणत्या महिन्यात, मधल्या काळात कुठं कुठं गेले, किती खर्च झाला, आज मूठ वळते का. प्रतिपिंडांचे आकडे त्यानंतर. पहिल्या दोन रकान्यांतलं अंतर दरवर्षी कमी होतं आहे की नाही, एवढं जरी पाच वर्षांनी सांगता आलं, तरी खान्देशातल्या कुठल्याही शोधनिबंधापेक्षा ते रुग्णाच्या जास्त कामाचं ठरेल.

वही विभागाच्या नावानं ठेवावी, कुणा एका प्राध्यापकाच्या नको; प्राध्यापक निवृत्त होतात आणि कपाटाची किल्ली हरवते. आणि तिची एक प्रत रुग्णाच्या पिशवीत असावी, कारण उद्या तो नाशिकला किंवा पुण्याला गेला तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्या सुजेपासून पुन्हा विचारत बसावं लागू नये.